हुंडीचा कायदा आणि शाळेची सुटी

वर्ष सरत आले की महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात पुढील वर्षाच्या सार्वजनिक सुट्यांची अधिसूचना प्रसिद्ध होते. वृत्तपत्रे ती यादी छापतात, आणि शाळाशाळांतील मुख्याध्यापक ती हाती घेऊन आपल्या वेळापत्रकाशी ताडून पाहतात. यादी सर्वच वाचतात. तिच्या आरंभीचे वाक्य मात्र क्वचितच कोणी वाचत असेल. ज्या अधिकारान्वये शासन या सुट्या जाहीर करते तो अधिकार 'परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१' या कायद्याच्या कलम २५ मधून येतो, असे त्या वाक्यात म्हटलेले असते. परक्राम्य संलेख म्हणजे हुंडी, वचनचिठ्ठी आणि धनादेश. आमच्या मुलांची दिवाळी, ईद, बुद्धपौर्णिमा आणि नाताळ ही सारी पावन पर्वे शासनाच्या दप्तरी सावकारी व्यवहाराच्या कायद्यातून उगम पावतात, हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांला हसू आले होते. मग कुतूहल जागे झाले, आणि त्यातून हे टिपण झाले.

कलम २५ चे प्रयोजन अगदी साधे आहे. हुंडीची मुदत ज्या दिवशी भरते तो दिवस सुटीचा असेल तर पैसे केव्हा द्यावयाचे? कायदा सांगतो की अशा वेळी लगतच्या आधीच्या कामकाजाच्या दिवशी ती हुंडी देय झाली असे समजावे. हा नियम चालावयाचा तर सार्वजनिक सुटी म्हणजे काय, हे कोठेतरी सांगणे भाग होते. म्हणून त्याच कलमाला एक स्पष्टीकरण जोडण्यात आले. १८८१ च्या मूळ मसुद्यात त्या स्पष्टीकरणात सर्व रविवार, नववर्षदिन, नाताळ आणि गुड फ्रायडे यांचा नावाने उल्लेख होता. नववर्षदिन किंवा नाताळ रविवारी आल्यास पुढील सोमवार सुटीचा, अशीही तजवीज होती. बाकीचे सण स्थानिक सरकारने राजपत्रातून जाहीर करावेत, असे ठरले. म्हणजे राज्यकर्त्यांच्या धर्माचे सण कायद्यात आणि प्रजेच्या धर्मांचे सण अधिसूचनेत, अशी ती वाटणी होती. आम्ही ख्रिस्ती असलो तरी ती न्याय्य होती असे म्हणणार नाही.

या कायद्याचे मूळ विलायतेत शोधावे लागते. बँक ऑफ इंग्लंड एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वर्षातून सुमारे ३३ दिवस संतांच्या सणांनिमित्त आणि अन्य पर्वांनिमित्त बंद राहत असे. प्रॉटेस्टंट झालेल्या देशाच्या या पेढीने जुन्या कॅथलिक पंचांगातील संत इतकी वर्षे जपून ठेवले होते, ही मौजच म्हणावयाची. १८३४ मध्ये ती संख्या चारवर आली: गुड फ्रायडे, १ मे, १ नोव्हेंबर (म्हणजे सर्व संतांचा सण) आणि नाताळ. पुढे सर जॉन लबक यांच्या प्रयत्नाने १८७१ मध्ये बँक हॉलिडे कायदा संमत झाला, आणि पेढ्यांच्या सुट्यांच्या मागोमाग कारकून, दुकानदार आणि मजूर यांनाही ती विश्रांती मिळू लागली. होली डे, म्हणजे पवित्र दिवस, या शब्दाचा हॉलिडे झाला तो उच्चाराने फार पूर्वीच. अर्थाने तो या काळात झाला.

शाळेच्या सुट्यांचा वंश मात्र निराळा आहे. तो पेढीतून आलेला नाही. आपल्याकडील वेदपाठशाळांत अनध्यायाचे दिवस ठरलेले असत. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या या तिथींना पठण बंद. मदरशांत शुक्रवार. युरोपात येशूसंघाने १५९९ साली आपल्या विद्यालयांसाठी जी अध्ययनपद्धती मुक्रर केली, त्या 'रॅशिओ स्टुडिओरम' ग्रंथात सुटीविषयी मोठे नेमके नियम आहेत. उच्च विद्याशाखांना वर्षातून एक महिन्यापेक्षा कमी नाही आणि दोन महिन्यांपेक्षा अधिक नाही इतकी दीर्घ सुटी. वक्तृत्वाच्या वर्गाला एक महिना. साहित्याच्या वर्गाला तीन आठवडे. व्याकरणाच्या वरच्या वर्गाला दोन. आणि अगदी खालच्या वर्गांना अवघा एक आठवडा! लहान मुलांना सुटी कमी आणि थोरांना अधिक, हा हिशेब आजच्या पालकांना उलटा वाटेल. शिवाय आठवड्यातून एक दिवस विसाव्याचा असे. वसईच्या किल्ल्यात येशूसंघाचे विद्यालय होते. १७३९ मध्ये किल्ला मराठ्यांनी जिंकला आणि तो अध्याय संपला. आमच्या गावांत आज चालणाऱ्या शाळा त्या विद्यालयाच्या नव्हेत, पुढच्या काळातील मिशनरी आणि धर्मग्रामीय प्रयत्नांची ती लेकरे आहेत.

रविवारची गोष्ट येथेच सांगून टाकू. सम्राट कॉन्स्टंटाईनने इ. स. ३२१ च्या मार्च महिन्यात आज्ञा काढून न्यायालये आणि नगरवासी यांना रविवारी विश्रांती दिली. शेतकऱ्याला मात्र नांगर धरण्याची मोकळीक ठेवली, कारण पाऊस वार पाहून पडत नाही. ब्रिटिश अमदानीत सरकारी कचेऱ्या आणि सरकारी शाळा रविवारी बंद असत. गिरणीच्या भोंग्याला मात्र वार माहीत नव्हता. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडण्यास आरंभ केला, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा बहुजनांच्या खंडोबाचा वार, असे लोखंडे सांगत. आमच्या प्रभूच्या पुनरुत्थानाचा वार आणि जेजुरीच्या मल्हारीचा वार एकच निघाला, आणि त्याचा लाभ कुणबी, कोळी, मुसलमान, ख्रिस्ती अशा सर्वच कामगारांच्या लेकरांना झाला, कारण त्या दिवशी त्यांचे वडील प्रथमच घरी होते. शाळेची सुटी आणि मायबापांची सुटी एकाच दिवशी येण्याला काय मोल आहे, हे त्या पिढीला विचारावयास हवे होते.

स्वातंत्र्यानंतर कायद्याच्या त्या स्पष्टीकरणाचे काय झाले, हे आमच्या समाजात फारसे ठाऊक नाही. १९५५ च्या दुरुस्तीने नववर्षदिन, नाताळ आणि गुड फ्रायडे ही नावे कलम २५ मधून वगळण्यात आली. १ एप्रिल १९५६ पासून ती दुरुस्ती अंमलात आली. कायद्यात नावाने उरला तो केवळ रविवार. बाकी सारे सण, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, अधिसूचनेवर अवलंबून राहिले. धर्मनिरपेक्ष प्रजासत्ताकाला हेच शोभणारे होते, असे आमचे मत आहे. मात्र त्याचा एक परिणाम ध्यानात ठेवला पाहिजे. नाताळची आणि गुड फ्रायडेची सुटी आज कोणत्याही अधिनियमात कोरलेली नाही. केंद्र शासनाने राज्यांना दिलेल्या अधिकारान्वये (महाराष्ट्राच्या अधिसूचनेत ८ मे १९६८ च्या केंद्रीय अधिसूचनेचा हवाला असतो) ती वर्षानुवर्षे नव्याने जाहीर होते. नववर्षदिन असाच यादीतून गळाला; महाराष्ट्रात १ जानेवारी ही सार्वजनिक सुटी नाही. गोव्यात ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणानिमित्त सुटी असते, आमच्याकडे नसते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शाळांच्या सुट्या शासकीय सुट्यांशी तंतोतंत जुळवाव्यात, अशी मागणी अधूनमधून केली जाते, आणि तीत तथ्य आहे. एकाच घरात आई शिक्षिका, वडील बँकेत, थोरला भाऊ मंत्रालयात आणि धाकटी शाळेत असेल, तर त्या घराच्या भिंतीवर चार दिनदर्शिका लावाव्या लागतात. राज्याच्या यादीत अलीकडे साधारण २४ सार्वजनिक सुट्या असतात. त्याशिवाय जिल्हाधिकारी तीन स्थानिक सुट्या देतात. त्या बँकांना, न्यायालयांना आणि केंद्रीय कार्यालयांना लागू नसतात. केंद्राच्या कार्यालयांची यादी पुन्हा निराळी: चौदा सुट्या सक्तीच्या, आणखी तीन निवडावयाच्या, आणि वैकल्पिक दोन. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला, शाळांना त्यातून वगळण्यात आले. तेव्हापासून शनिवारी सकाळी दप्तर घेऊन निघालेले मूल आणि घरी वृत्तपत्र वाचीत बसलेले वडील हे दृश्य नवे राहिलेले नाही.

असे असूनही संपूर्ण जुळणी झाली नाही, याला कारण आहे. शाळेला दिवस मोजावे लागतात. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे वर्षभरातील सर्व सुट्या मिळून ७६ दिवसांहून अधिक होता कामा नयेत आणि कामाचे दिवस किमान २३० भरले पाहिजेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस ठरविले, आणि शैक्षणिक दिनदर्शिका आखण्याचे काम स्थानिक प्राधिकरणाकडे सोपविले. कार्यालयाची सुटी ही कर्मचाऱ्याची विश्रांती असते. शाळेच्या सुटीत ऋतूही असतो, पीकही असते, देवही असतो. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यानंतर उघडतात. कोकणात गणपतीला मुंबईहून गाड्या भरभरून येतात, त्या दिवसांत वर्गात बसणार कोण? आणि वसईत नाताळच्या आठवड्यात फळा पुसण्यापुरताही विद्यार्थी मिळावयाचा नाही.

शिक्षण खात्याने यावर एक शहाणपणाची वाट काढली आहे. खात्याच्या परिपत्रकांत असे म्हटलेले असते की उन्हाळ्याची व दिवाळीची दीर्घ सुटी कमी करून तिच्याऐवजी गणेशोत्सव किंवा नाताळ यांसारख्या सणांच्या प्रसंगी ती समायोजनाने, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने, घेता येईल. एकूण दिवस तेवढेच. केवळ त्यांची जागा बदलते. रूक्ष शासकीय भाषेतील हे वाक्य आम्हांला फार मोलाचे वाटते. रत्नागिरीचा गणपती आणि वसईचा नाताळ यांना त्याने एकाच ओळीत बसविले आहे.

याच्या अगदी विरुद्ध टोकाचा विचारही आपल्या देशात झालेला आहे, आणि तो थोर माणसांनी केलेला आहे. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) शालेय वर्ष सुमारे २३४ दिवसांचे असावे आणि दीर्घ सुट्या सोडून अन्य सुट्या वर्षाला दहांहून अधिक नसाव्यात अशी शिफारस केली. धार्मिक सणासाठी शाळा बंद ठेवण्याचे कारण नाही, आणि थोर पुरुषांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या कामाने साजऱ्या व्हाव्यात, असा आयोगाचा आशय होता. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरच्या मातीतील जे. पी. नाईक. नाईकांविषयी आम्हांला नितांत आदर आहे, पण या शिफारशीचे दोन भाग वेगळे केले पाहिजेत. थोरांची जयंती वर्गात अभ्यासून साजरी होऊ शकते. किंबहुना २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट हे सुटीचे दिवस असूनही मुले शाळेत येतात, झेंड्याला वंदन करतात आणि खाऊ घेऊन घरी जातात, यात कोणालाच विसंगती वाटत नाही. उत्तर प्रदेश सरकारने एप्रिल २०१७ मध्ये पंधरा सुट्या रद्द केल्या त्या याच विचाराने. सणाचे तसे नाही. ईदची नमाज, पाडव्याची गुढी, गुड फ्रायडेचा क्रूसमार्ग ही वर्गात करावयाची कामे नव्हेत. ती घरची, मोहल्ल्याची, देवळाची कामे आहेत, आणि मूल तेथे हजर नसेल तर तो सण पुढच्या पिढीत पोहोचतच नाही. फ्रान्सने १८८२ मध्ये सरकारी शाळांतून धर्मशिक्षण काढून टाकले. तरी त्याच कायद्यात रविवारव्यतिरिक्त आठवड्यातून आणखी एक दिवस शाळा बंद ठेवण्याची तरतूद केली, जेणेकरून पालकांना मुलांना शाळेबाहेर धर्मशिक्षण देता यावे. तो दिवस गुरुवार होता, १९७२ पासून बुधवार झाला. कट्टर धर्मनिरपेक्ष म्हणविणाऱ्या राज्याने दाखविलेला हा विवेक आहे. बिहारच्या शिक्षण खात्याने ऑगस्ट २०२३ मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर या काळातील सुट्या २३ वरून ११ वर आणल्या आणि ओरड होताच काही दिवसांत तो आदेश मागे घेतला. तेथे दुखावले गेलेले बहुतेक सण बहुसंख्याकांचेच होते, हे आमच्यातील उतावळ्या मंडळींनी लक्षात घ्यावे.

आमच्या सणांवरही प्रसंग आले, नाही असे नाही. २०१४ मध्ये २५ डिसेंबर हा 'सुशासन दिन' म्हणून जाहीर झाला आणि त्या दिवशी शाळांतून कार्यक्रम घेण्याविषयी पत्रे निघाल्याची वार्ता आली. संसदेत गदारोळ झाल्यावर शाळा बंदच राहतील असा खुलासा झाला. २०१९ मध्ये दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव येथील प्रशासनाने गुड फ्रायडेला राजपत्रित सुटीच्या यादीतून काढून वैकल्पिक सुटीत टाकले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि त्या सणाच्या काही दिवस आधी न्यायालयाने ती सुटी पूर्ववत करण्याचा आदेश दिला. केंद्राच्या सक्तीच्या चौदा सुट्यांत गुड फ्रायडे आहे, ही बाब तेथे निर्णायक ठरली. मार्च २०२४ मध्ये मणिपूरमध्ये आर्थिक वर्षाच्या अखेरीचे कारण देऊन ईस्टरचा रविवार कामाचा दिवस ठरविला गेला, आणि विरोध होताच तो आदेश बदलावा लागला.

याच उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये दिलेला दुसरा एक निर्णय आमच्या वाचकांनी वरील निर्णयाच्या शेजारी ठेवून वाचावा. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीचा दिवस, २ ऑगस्ट, ही सार्वजनिक सुटी बंद करण्यात आली होती. ती परत मिळावी म्हणून याचिका झाली. १९५४ च्या त्या मुक्तिसंग्रामाशी महाराष्ट्राचे आणि गोव्याचे नाते जिव्हाळ्याचे आहे. सुधीर फडके त्यात होते, आणि दादऱ्यावर चालून गेलेल्या तुकडीचे नेते फ्रान्सिस मास्कारेन्हस होते. पण न्यायालयाने याचिका फेटाळली. सार्वजनिक सुटी मिळणे हा कोणाचा मूलभूत अधिकार नव्हे, आणि आपल्याकडे सुट्या आधीच पुष्कळ आहेत, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. तेव्हा आमची सुटी कोणी काढून घेऊ नये म्हणून 'हक्क' हा एकच शब्द घेऊन उभे राहणे पुरेसे नाही. शेजाऱ्यांची सदिच्छा हाच तिचा खरा आधार आहे.

सुट्या कमी करण्याची वेळ आपल्या ख्रिस्तसभेवरही आली होती. परमगुरू आठवे अर्बन यांनी १६४२ मध्ये 'युनिव्हर्सा पर ऑर्बेम' या फर्मानाने बंधनकारक सणांची संख्या घटविली. कारणांत गोरगरिबांचा आक्रोश नमूद आहे: इतके सण पाळले तर हातावर पोट असलेल्याने खावे काय? दहावे पायस यांनी १९११ मध्ये ती संख्या आठवर आणली. आज भारतात रविवार सोडून मिस्सा बंधनकारक असलेले सण दोनच, नाताळ आणि पवित्र मरियेचे स्वर्गोन्नयन. दुसरा सण १५ ऑगस्टला येतो. स्वातंत्र्यदिनाने त्याला सुटी दिली, हा योगायोग किती सोयीचा ठरला हे झेंडावंदन आटोपून गणवेशातच मिस्साला आलेली मुले पाहिली की कळते. प्रभूचे स्वर्गारोहण मात्र गुरुवारावरून रविवारी आले, तीन राजांचा सणही रविवारी आला. कामाच्या दिवसाशी जुळवून घेण्याचा हा मार्ग आम्ही समजू शकतो, पण त्यात काही हरवले नाही असे मानणे कठीण आहे. वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया, ज्याला १५९७ च्या फेब्रुवारीत नागासाकीला क्रूसावर मरण आले आणि १८६२ मध्ये संतपद मिळाले, त्याच्या सणाला कोणत्याच यादीत स्थान नाही. त्यासाठी शासनाकडे अर्ज करावा असे आम्ही सुचवीत नाही. गावाने तो संध्याकाळी पाळावा, मुलांनी शाळा करून यावे.

आमचे मत मागाल तर ते असे. शासनाच्या यादीतील प्रत्येक सणाला प्रत्येक शाळा खरोखर बंद असावी. त्या दिवशी जादा तास नको, सराव परीक्षा नको, हजेरी लागणारा समारंभही नको. त्यापलीकडचे दिवस मात्र ज्या त्या मुलुखाने ठरवावेत, त्यांना राज्यभर एक साचा लावू नये. आणि येथे आमच्या माणसांनी चालविलेल्या शाळांविषयी बोलणे प्राप्त आहे. संविधानाच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालविण्याचा अधिकार दिला आहे. पण या शाळांत शिकणारी बहुसंख्य मुले पुष्कळ ठिकाणी हिंदू, बौद्ध आणि मुसलमान घरांतील आहेत. गौरी-गणपतीच्या दिवसांत घटक चाचणी ठेवणारी ख्रिस्ती शाळा गुड फ्रायडेच्या सुटीसाठी कोणत्या तोंडाने निवेदन देणार? चाचणीची तारीख मुख्याध्यापकांच्या हातची आहे. तिला संचालकांची परवानगी लागत नाही. बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी वह्या तपासणीला मागू नयेत, एवढेही पुष्कळ आहे.

समायोजनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. नाताळासाठी आम्ही जे चार-सहा दिवस मागतो ते आकाशातून पडत नाहीत. वर्षाच्या ठरलेल्या ७६ दिवसांतूनच ते काढावे लागतात. बहुतेक शाळा ते दिवाळीच्या सुटीतून कापतात, कारण हिशेबाला ते सोपे जाते. म्हणजे ज्या मुलाच्या अंगणात किल्ला उभा आहे, ज्याची मावशी भाऊबिजेनंतर आणखी दोन दिवस राहा म्हणते आहे, त्याला आमच्या गोठ्यासाठी आम्ही लवकर परत बोलावतो. परिपत्रकात दिवाळीबरोबर उन्हाळ्याच्या सुटीचाही उल्लेख आहे. ज्या शाळांत अन्य धर्मीयांची मुले अधिक आहेत, तेथील व्यवस्थापकांनी हे दिवस मे महिन्यातून कापून घ्यावेत. त्यासाठी वेळापत्रक जूनमध्येच आखावे लागेल आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाणारा अर्ज शाळा उघडताच लिहावा लागेल. पावसाच्या पहिल्या आठवड्यात नाताळची आठवण सहसा कोणाला होत नाही, एवढीच त्यातील अडचण आहे.